तिसऱ्या ओळीतली कण्हेर

पान खुडलं तेव्हा छायाच्या मनात काहीच नव्हतं. सकाळचे साडेसात वाजले होते, हिरव्या जाळीखालची हवा अजून ओलसर होती, आणि तिसऱ्या ओळीतल्या सहाव्या झाडाचं खालचं एक पान पिवळं पडलेलं दिसलं म्हणून तिनं ते सवयीनं ओढलं. देठ तुटला आणि तुटल्या जागी पांढुरका चीक आला. तिनं तो अंगठ्यानं पुसला, दोन पावलं पुढं गेली, आणि थांबली. या वाफ्यात लावला होता तो हिमालयातला लाल फुलांचा बुरांश, आणि बुरांशाला चीक नसतो. ती मागं वळली. झाडाची पानं तीन-तीनच्या जुडीनं आली होती. एक पान उलटून पाहिलं, तर मागची बाजूही साधी हिरवी. बुरांशाचं पान उलटलं की मागून राख फासल्यासारखं पांढरट दिसतं. ही कण्हेर होती. बसस्टँडपासून नाक्यापर्यंत दुभाजकात धूळ खात उभी असते तीच. कृषी पदविका, नगरपालिकेच्या बागेत बावीस वर्षांची नोकरी, आणि गेल्या दहा दिवसांत ती या ओळीतून चार वेळा चालत गेली होती. सोमवारी तर तिनं रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘तिसरी ओळ उत्तम. नवी पालवी.’ मग ती प्रत्येक झाडाजवळ गेली आणि एकेक पान उलटत राहिली. एकतीस झाडं उभी होती. त्यांतली चौदा कण्हेरीची निघाली. उरलेली सतरा खरी, पण त्यांची पानं शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिवळी पडत चाललेली. सगळ्या बागेत तजेलदार होती ती फक्त खोटी झाडं, आणि तिनं कौतुक केलं होतं ते त्यांचं.

ती वाफ्याच्या विटेवर बसली. हे कोणी केलं याचा विचार करावाच लागला नाही. बागेची चावी दोघांकडंच असते, तिच्याकडं आणि माळी वाहेदकडं. मन अडकलं ते दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याला दिसलं कसं नाही? दोन महिने ती मतदारयाद्यांच्या कामावर होती, घरोघर हिंडत होती, बागेत यायची ती संध्याकाळी, तेही जाळीबाहेरून एक नजर टाकायला. ते झालं दोन महिन्यांचं. या दहा दिवसांचं काय? डोळे उघडे होते, पाय वाफ्यातून चालत होते, आणि चौदा कण्हेरी तिच्याकडं पाहत उभ्या होत्या. माणसाला जे पाहायचं असतं तेच दिसतं असं लोक म्हणतात. पण तिला वाटलं, तसंही नव्हतं. तिनं काही पाहिलंच नव्हतं. हिरवं दिसलं आणि ती पुढं गेली होती.

हा बुरांश तिनं मागितलेला नव्हता. निवृत्तीराव नावाचे एक निवृत्त सुभेदार, मूळचे हिवरा आश्रमाकडचे, नोकरी संपल्यावर शहरात घर बांधून राहिलेले. त्यांनी पालिकेला देणगी दिली, आणि अट एकच घातली. बागेचा एक कोपरा बुरांशाचा करायचा. कुमाऊँच्या डोंगरात पोस्टिंग असताना त्यांनी ते झाड पाहिलं होतं. त्यांची बायकोही तिथलीच. लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तिला इकडं आणलं, घरच्यांनी तिचं नाव बदलून आशा ठेवलं, आणि आता म्हातारपणी तिला तिच्या मुलखाचं फूल दाखवावं असं त्यांच्या मनानं घेतलं. बैठकीत साहेब म्हणाले, आपलं गाव घाटावर आहे, हवा थंड आहे, काय हरकत आहे. छायानं दोन पानी टिपण दिलं होतं. काळी माती, खाली चुनखडी, बोअरचं पाणी जड, वैशाखातलं ऊन. हे झाड आम्लधर्मी मातीचं आहे, इथं जगणार नाही. टिपण परत आलं ते कडेला ‘प्रयत्न करावा’ असा शेरा घेऊन.

आणि तिनं प्रयत्न केला. मनापासून केला, हेच आता खुपत होतं. बावीस वर्षांत तिच्याकडं लोकांनी काय मागितलं होतं? मेंदीचं कुंपण, कारंजं, मुलांचे झोके, आणि अलीकडं फोटो काढायला गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं. पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याकडं झाड मागितलं होतं. तिनं घरी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. पाच ओळी, ओळीत आठ, उत्तरेच्या भिंतीलगत कडुनिंबाच्या सावलीत. कमरेइतकी काळी माती उपसून बाहेर टाकली. खाली मुरूम, वर सागाचा कुजलेला पाला, नारळाचा भुसा, गंधकाची भुकटी. कार्यालयाच्या छपराचं पावसाचं पाणी पन्हळीनं टाकीत घेतलं, कारण बोअरचं पाणी या मुळांना चालत नाही. ऑगस्टमध्ये चाळीस रोपं ट्रकनं आली तेव्हा ती सकाळी सहापासून फाटकाशी उभी होती. नवरा म्हणाला होता, “पोराच्या लग्नातही तू इतक्या लवकर उठली नव्हती.” दिवाळीपर्यंत नऊ मेली. ती नऊ तिनं रजिस्टरात तारखेनिशी लिहिली, आणि मनाशी धरून चालली की उरलेली एकतीस जगतील. टिपण लिहिणारी छाया आणि हे धरून चालणारी छाया एकच होती, हे तिला आता विटेवर बसल्यावर जरा नवलाचं वाटलं.

वाहेद नळी ओढत आला. तिला बसलेली पाहून थांबला, मग तिच्या हातातलं पान पाहिलं. त्यानं नळी खाली ठेवली.

“वाहेदभाई, इथं कन्हेर काऊन आहे?”

“झाड मेलं होतं मॅडम. खड्डा रिकामा दिसू नये म्हणून लावलं.”

“चौदा?”

“एक-एक करत मरत गेले. मी एक-एक लावत गेलो.”

“मले सांगितलं काऊन नाही?”

वाहेद वाकून नळीचा पीळ सोडवू लागला. मग म्हणाला, “तुमाले सांगितलं असतं तं तुमी रजिस्टरात लिवलं असतं.” त्याच्या बोलण्यात ना माफी होती ना उद्धटपणा. “थे सुभेदार रोज येतेत. जाळीबाहेरून झाडाइले राम राम करतेत. मोतीबिंदूनं त्याइले धड दिसत बी नाही. मी म्हटलं, बुड्ढा खुश आहे, कोनाचं काय जाते? पान तं सारखंच दिसते.”

तिला रागवायचं होतं. पण राग येईपर्यंत त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, सासूची खाट, सासूचा आवाज. शेवटची दीड वर्षं सासूला माणसं ओळखू येत नव्हती. छायाला ती ‘वच्छे’ म्हणायची. वच्छी म्हणजे वत्सला, तिची लेक, ऐन विशीत वारलेली. पहिल्यांदा छायानं सांगून पाहिलं, मी छाया, तुमची सून. म्हातारी इतकी घाबरली की दुसऱ्या वेळेपासून छाया नुसती “काय माय” म्हणायची. त्यात तिला काही खोटं वाटलं नाही. भाकर कुस्करून देताना, केस विंचरताना ती वच्छी झाली, आणि म्हातारी शांत जेवली. शेजारणी म्हणायच्या, अशी सून मिळायले नशीब लागते. मग एका सकाळी म्हातारीचं डोकं अचानक निवळलं. छायाकडं नीट पाहून म्हणाली, “तू तं छाया व्हय. मंग वच्छी कुठी गेली?” तेव्हा खरं सांगायची वेळ होती, दुसरी मिळणार नव्हती. छाया म्हणाली, “मेहकरला गेली. येते.” म्हातारी हसली. आणि त्यानंतरचे बावीस दिवस ती खाटेवर दाराकडं तोंड करून पडून राहिली, रस्त्यानं एसटी गेली की विचारायची, मेहकरची का? छाया म्हणायची, नाही, सुलतानपूरची. मेहकरची आली तरी हेच म्हणायची. लेकीची वाट पाहता पाहता म्हातारी गेली. लोक म्हणाले, शांतपणे गेली. छायाला माहीत होतं, ती ताटकळत गेली होती. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

“काढून टाकू का कन्हेरी?” वाहेदनं विचारलं.

“राहू द्या सध्या,” ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ते तिला कळलं नाही.

आठ वाजता निवृत्तीराव आलेच. पांढरा सदरा, ताठ पाठ, हातात काठी असूनही ती टेकवायची नाही असा हट्ट. जाळीबाहेरच्या बाकावर बसायच्या आधी त्यांनी झाडांच्या दिशेनं हात जोडले. छाया आतून पाहत होती. त्यांच्या समोर नेमकी तिसरी ओळ होती. “कळी धरली काय बाई?” ते रोज विचारत तसं त्यांनी विचारलं. ती रोज देत असे तेच उत्तर तिनं दिलं, “नाही अजून.” मग ते म्हणाले, “रविवारी आशीले घेऊन येतो. नाही नाही म्हणे इतके दिवस, गुडघे दुखतेत म्हणे. पन मी म्हटलं, फूल नसलं तरी झाड तं पाह्यशील. चाळीस सालानं पाह्यते ती.” ते खूश होते. छायाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत राहिली. साऱ्या जिल्ह्यात हे झाड एका नजरेत ओळखणारं एकच माणूस आहे, आणि ते रविवारी येणार आहे.

मधले चार दिवस तिनं रोजची कामं केली. कारंज्याची मोटार जळली होती, ती दुरुस्त करून घेतली. झोक्याच्या साखळीला तेल लावलं. पण काम करता करता तिची बोटं दिसेल ते पान उलटून पाहायची, जास्वंदीचं, चाफ्याचं, एकदा तर भाजीवाल्याकडं आळूचं. कण्हेरी उपटाव्या का, हा विचार ती रोज रात्री करून झोपायची आणि सकाळी तो तसाच शिल्लक असायचा. उपटल्या तर सतरा झाडं आणि तेवीस खड्डे दिसतील. नाही उपटल्या तर दिसेल ते त्या बाईलाच दिसेल. यात आपण भितो कशाला, हेच तिला नीट सांगता येत नव्हतं. नोकरीची भीती नव्हती. साहेब बदलून गेले होते, नव्या साहेबांना बुरांश आणि बोर यांतला फरक ठाऊक नव्हता.

रविवारी ते रिक्षानं आले. आशाबाई ठेंगणी, गोरी, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं, नऊवारी नव्हे तर साधी सुती साडी, डोक्यावर पदर. निवृत्तीराव बाकावर बसले. “तू जाय आत,” ते म्हणाले. “मी इथंच बसतो. तुह्यं तू पाह्य.” त्यांनी मान जरा बाजूला वळवली, जणू तिच्या आणि झाडांच्या मध्ये आपण येऊ नये.

आशाबाई छायाचा हात धरून जाळीत आली. पहिल्याच झाडाजवळ थांबून तिनं पान न उलटताच म्हटलं, “हे तं कन्हेर व्हय.” बोली थेट मेहकराकडची, कुठं परकेपणाचा मागमूस नाही. छायाचे कान तापले. “हो,” ती म्हणाली. “चौदा कन्हेरी आहेत. बाकीचे खरे.” आशाबाईनं मान हलवली, काही विचारलं नाही, पुढं गेली. एका खऱ्या झाडापाशी ती वाकली. पिवळं पडलेलं पान दोन बोटांत धरून उलटलं, मागच्या पांढरटपणावरून अंगठा फिरवला. छाया तिच्या चेहऱ्याकडं पाहत होती. तिथं काहीच उमटलं नाही.

“हे जगत नाही इथं,” आशाबाई म्हणाली.

“मले माहीत होतं. मी लिहूनही दिलं होतं.”

“मले बी माहीत व्हतं. मी बोलली नाही. त्याइची हौस.” ती जरा थांबली. “आमच्या घरी याचं लाकूड जाळत. माय माही रोज भारा आने डोक्यावर. फुलाकडं कोन पाह्यते बाई? फूल हे पाहत. मी धाऱ्यावर, म्हंजे डोंगरातल्या झऱ्यावर, पानी भरे, आन् हे थ्या झाडाखाली उभे राहून वरतं पाहत. मले वाटे, फौजेतला मानूस, याले काही काम नाही काय.” ती हसली. मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं रोपांच्या पिशव्यांभोवती भरून आलेला, चिडाच्या म्हणजे तिकडच्या पाइनच्या सुयांसारख्या पानांचा ढीग पडला होता. वाहेदनं तो आच्छादनाला ठेवला होता आणि वापरायचा राहून गेला होता. आशाबाई हात सोडून तिकडं गेली, गुडघे दुखत असतानाही खाली बसली, आणि दोन्ही मुठींनी त्या वाळक्या सुया उचलून नाकाशी धरल्या. “पिरूळ,” ती म्हणाली. कितीतरी वेळ तिनं तोंड वर केलं नाही. छायानं तिच्या पाठीवर हात ठेवावा की नको याचा विचार केला आणि ठेवला नाही. “ढोराइच्या खाली अंथरत हे,” आशाबाई मुठीतच बोलल्यासारखी बोलली. “आमी बहिनी याच्यावरच निजत असू. एक थैली भरून देता काय?”

छायानं खताची रिकामी पिशवी झटकून तीत सुया भरल्या. भरता भरता आशाबाई हळूच म्हणाली, “त्याइले सांगू नका. त्याइले दिसत नाही. कन्हेर बी लालच फुलते. रोज इथं येतेत, चालनं होते, जेवन जाते. मी सांभाळते बाकीचं.”

“हो” हा शब्द छायाच्या जिभेवर आला. तो तिथं दीड वर्ष राहिलेला होता, वाट ठाऊक असल्यासारखा आला. बाकावर तो म्हातारा मान वळवून बसला होता, कोणी काही येऊन सांगेल याची वाट पाहत. त्याची पाठ ताठ होती. छायाला खाट आठवली, दाराकडं वळलेलं तोंड आठवलं. ती म्हणाली, “नाही जमणार आशाबाई. ते वाट पाहत राहतील. कन्हेरीले बुरांशाचं फूल कधी येणार नाही, आणि ते मरेपर्यंत मले विचारत राहतील, कळी धरली काय.” आशाबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत नाराजी होती, ती तिनं लपवली नाही. “तुमची मर्जी,” ती म्हणाली.

छाया जाळीबाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिनं सगळं सांगितलं. नऊ मेली ते, नंतरची चौदा मेली ते, त्या जागी काय आहे ते. वाहेदचं नाव घेतलं नाही. म्हणाली, माझ्या बागेत झालं. निवृत्तीरावांनी मान तिच्याकडं वळवली.

“मंग सहा महिने झाले, मी सकाळी कोनाले राम राम करून राह्यलो?”

“आधी बुरांशाला. मग बरंचसं कण्हेरीला.”

ते उठले. काठी टेकवली. “आशे, चाल,” म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन आशाबाई त्यांच्या शेजारी बसली. छायानं दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिला आणि वाहेदबरोबर चौदा कण्हेरी उपटून दुभाजकात नेऊन लावल्या. वाहेद दिवसभर तिच्याशी बोलला नाही. संध्याकाळी नळी गुंडाळताना एवढंच म्हणाला, “बुड्ढा आता येनार नाही मॅडम.” ती म्हणाली, “नाही येणार.” बाक रिकामा राहिला. रोज आठ वाजता तिची नजर तिकडं जायची, आणि आपण बरोबर केलं याची खात्री रोज थोडी थोडी कमी होत गेली. खरं बोलल्याचं समाधान मिळतं असं तिनं ऐकलं होतं. तसं काही मिळालं नाही.

सोळाव्या दिवशी ते आले. बाकावर बसले नाहीत, थेट जाळीशी येऊन म्हणाले, “मले आत घ्या. खरं कोनतं अन् कसं ओळखायचं, थे दाखवा.” छायानं त्यांचा हात धरून एका पानाच्या मागच्या बाजूवर ठेवला. त्यांचा अंगठा जाड, भेगाळलेला, पण तो पानावरून हळूहळू फिरला. मागची बाजू किंचित मऊ, लव असल्यासारखी लागते. “हं,” ते म्हणाले. तेव्हा अकरा उरली होती. त्यानंतर ते रोज आत यायचे, ओळीतून चालायचे आणि अंगठ्यानं मोजायचे. आज नऊ. आज सात. कळीचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वाहेद सुरुवातीला दूर राहायचा. मग एक दिवस त्यानं स्वतः होऊन सांगितलं, कन्हेर मी लावली होती. निवृत्तीराव म्हणाले, “फौजेत असता तं पाह्यलं असतं तुह्याकडं,” आणि पाणी मागून प्यायले.

वैशाखात एका आठवड्यात सगळं आटोपलं. शेवटचं झाड पाचव्या ओळीतलं होतं. पानं गळाली, फांदी नखानं खरवडली तर आत तपकिरी. छायानं ते उपटायला घेतलं आणि जोर लावायची तयारी केली, पण झाड नुसतं हातात आलं, अलगद. मुळांचा गोळा जसाच्या तसा होता. ज्या पिशवीतून ते डोंगरावरून आलं तिचा आकार, तळाच्या दोन घड्यांसकट. नऊ महिन्यांत एकही मूळ त्या गोळ्याबाहेर बोटभरसुद्धा गेलं नव्हतं. तिनं घातलेला सागाचा पाला, भुसा, गंधक, कशालाही त्यानं हात लावला नव्हता. निवृत्तीरावांनी हात पुढं केला. तिनं गोळा त्यांच्या हातांत दिला. त्यांनी तो चाचपला, घड्यांवरून बोटं फिरवली, आणि त्यांना काय आहे ते कळलं, कारण त्यांची बोटं तिथंच थांबली.

“हे आशीले नका सांगू,” ते म्हणाले.

“त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर नाही.”

“ती विचारत नाही. चाळीस वर्सांत तिनं मले काही विचारलं नाही.” त्यांनी गोळा वाफ्यात ठेवला. “मीबी विचारलं नाही. मले वाटे, ती रमली. बोलते तं आमच्यापेक्षा चांगली.” छायानं खड्ड्यात माती लोटली. “थे थैलीतलं वाळकं गवत उशाशी घेऊन निजते ती आता. मी म्हटलं, टोचते नं. म्हणे, नाही टोचत.”

वाहेदनं हात धुवायला नळी पुढं केली. निवृत्तीरावांच्या तळव्यांना ती आशाबाईच्या मुलखाची काळपट माती लागली होती, भुसभुशीत, इथल्या मातीसारखी चिकटणारी नव्हे. त्यांनी नळी बाजूला सारली. “घरी धुतो,” म्हणाले. मग काठी काखेत मारून, दोन्ही हात पुढं, जरा जपून धरून, ते फाटकाकडं निघाले. आज त्यांना घरी जायची घाई होती.